एकतीस किलो

तान्ह्या सोदामच्या जन्माच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणात तेगोनच्या आत्याबाईंनी एक विनोद केला. त्यावर घरातली सतरा माणसं हसली, आणि अठरावी सेरिन, तीही हसली. विनोद तसा नेहमीचाच होता. सेरिनने आपल्या लग्नातला हानबोक, म्हणजे आमचा कोरियन पारंपरिक पोशाख, घातला होता. खालचा घेरदार झगा छातीपासून सुटतो, त्यात पोट काय, अख्खी सुटकेस लपते. पण वरची आखूड चोळी काही केल्या मिटेना, बंदांची टोकं एकमेकांना भेटायलाच तयार नाहीत. शेवटी सासूबाईंनी आतून सेफ्टीपिन लावली आणि तिला बाळासकट फोटोसाठी उभं केलं. तेव्हा आत्याबाई तांदळाची पांढरी वडी चघळत म्हणाल्या, "अगं सेरिन, आत अजून एक राहिलंय का गं? बघून घे हो, डॉक्टर घाईत विसरला असेल."

काय हशा पिकला! तिचा नवरा तेगोन हसला, धाकटा दीर हसला, त्याची होणारी बायको तोंडावर हात धरून हसली. सेरिनने मान लववली, बाळाला घेऊन आतल्या खोलीत आली, दार लावलं आणि पिन काढली. पिनेचा लालभडक ओरखडा छातीवर उठला होता. त्याच्याकडे बघत बघतच तिने ठरवलं. दिराचं लग्न मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, म्हणजे सहा आठवडे. त्या दिवशी ही चोळी पिनेशिवाय मिटली पाहिजे. मिटलीच पाहिजे, मग काय वाट्टेल ते होवो.

आता यातला घोळ बघा. पोट झग्यात लपत होतं. अडत होती ती छाती, आणि छातीत होतं सोदामचं दूध. चोळी मिटायची तर नेमकं काय आटायला हवं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण सतरा जणांनी हसून घेतलेल्या बाईला ते सांगायला जाणार कोण?

दुसऱ्या दिवसापासून उपास सुरू झाला. उघडपणे नाही, चोरून. कारण सासूबाई शेजारच्याच इमारतीत राहायच्या आणि दिवसाआड शेवाळाच्या सुपाचं पातेलं दोन्ही हातांत धरून, गुडघ्यांच्या नावाने खडे फोडत, अकराव्या मजल्यावर हजर व्हायच्या. बाळंतिणीला समुद्रातल्या शेवाळाचं सूप आमच्याकडे सगळेच देतात, पण शंभर दिवस झाले की बहुतेक घरांत ते थांबतं. सासूबाईंचं काही थांबलं नव्हतं. "दूध काय नळाला येतं का? खा मुकाट्याने." सुपात मांसाचे तुकडे, बाजूला भाताचा डोंगर, तीन प्रकारच्या मुरवलेल्या भाज्या. सेरिन म्हणायची, "ठेवा आई, ही झोपली की खाते." सासूबाईंची पाठ वळली की सुपाचं पाणी सिंकमध्ये, आणि शेवाळ, मांस, भात, भाज्या सगळं खरकट्याच्या बादलीत. स्वतः अर्धं उकडलेलं रताळं, एक अंडं आणि दिवसभर काळी कॉफी.

बादली रिकामी करणं हेही एक कामच होतं. वसाहतीत खाली खरकट्याचं यंत्र आहे. घराचं कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, बादली ओतली की यंत्र बाईच्या गोड आवाजात वजन सांगतं, आधी आत्ताचं, मग महिन्याचं एकूण. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं, खणखणीत. म्हणून सेरिन दुपारी दोनला जायची, खाली चिटपाखरू नसताना, आणि यंत्र बोलायला लागलं की मुद्दाम खोकायची.

शिवाय काटा होताच. दिवसातून पाच-पाच वेळा ती त्यावर चढायची. अडुसष्ट. सदुसष्ट चारशे. उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, पाजायच्या आधी, पाजल्यावर. पाजल्यावर दीडशे ग्राम कमी भरायचं तर त्याचाही तिला आनंद. ते दीडशे ग्राम कुणाच्या पोटात गेले, याचा हिशेब तिच्या डोक्यातच नव्हता. दुसऱ्या आठवड्यात तो फरक शंभरावर आला, मग साठावर. हे तिच्या लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. लक्षात आलं, आणि तिने तिकडे काणाडोळा केला.

तेगोन बॅटरीच्या कारखान्यात पाळीवर. दोन वेळचं तिथंच जेवायचा, घरी यायचा तो आंबून. एकदा त्याने मोबाइलमधून मान वर काढून विचारलं, "तू बारीक झालीस का गं?"

"दिसतंय?" तिचा जीव सुपाएवढा झाला.

"हां. डोळे खोल गेलेत. झोप मिळत नाही ना तुला." आणि परत मान मोबाइलमध्ये.

मोबाइलवर तिचाही एक गट होता, नव्या आयांचा. तिथं रोज कुणीतरी लिहायचं, सहा महिन्यांत उतरलं नाही तर मग ते जन्माचं चिकटतं. दुसरी लिहायची, पाजतेस ना, मग आपोआप उतरेल, घाबरतेस कशाला? सेरिन पहिलीचं दहा वेळा वाचायची आणि दुसरीला खोटारडी म्हणायची. बसवतच नव्हतं तिला. स्वयंपाकघरातून बाल्कनी, बाल्कनीतून स्वयंपाकघर, बाळ खांद्यावर, पोटात नुसती खडखड, आणि डोक्यात चोळीचे बंद.

आणि सोदाम रडायला लागली. आधी ही पोरगी पिऊन ढेकर देऊन गपगार व्हायची. आता दोन मिनिटं चोखायची, तोंड काढायची, लाल होऊन किंचाळायची, पुन्हा झडप घालायची. लंगोट कोरडे राहायला लागले. सकाळपासून दुपारपर्यंत एकच ओला. "दात येत असतील," सेरिन स्वतःला म्हणाली. चार महिन्यांच्या पोरीला दात! "हवा बदलली म्हणून असेल." खालच्या मजल्यावरची बाई लिफ्टमध्ये म्हणाली, "भुकेलीय वाटतं हो." त्यावर सेरिन इतकी उसळली, की त्या बाईने मधल्याच मजल्यावर उतरून घेतलं.

एका दुपारी पाजता पाजता तिचे हात थरथरायला लागले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाळाला पाळण्यात टाकून तिने फ्रीज उघडला. समोर शिख्येची बाटली होती. शिख्ये म्हणजे मोड आलेल्या सातूच्या पाण्यात भात मुरवून केलेलं गोड, गार पेय. तिच्या आईच्या हातचं. आई ग्वेसान गावच्या बाजारात किमची आणि तयार भाज्यांचं दुकान चालवायची, आणि त्या दुकानात लोक खास शिख्येसाठी यायचे. शंभराव्या दिवसाच्या पाहुण्यांसाठी तिने सहा बाटल्या भरून आणल्या होत्या आणि बजावलं होतं, "हे पाहुण्यांचं हं पोरी. तू हात लावू नकोस, मोडाच्या सातूने दूध आटतं." उरलेली एक अर्धवट बाटली फ्रीजमध्ये मागे राहिली होती. सेरिनने उभ्या उभ्या दोन मोठे घोट घेतले. अंगात जीव आला. मग बाटली परत मागे सरकवली, तोंड पुसलं आणि पुन्हा काट्यावर चढली.

एकोणीस एप्रिलला सोदामला चार महिने झाले. सासूबाई सोबत आल्या, कारण नातीच्या बाबतीत त्या कुणावर विसंबत नसत. दवाखान्यातल्या नर्सने बाळाला काट्यावर ठेवलं, कागद बघितला, पुन्हा उचलून ठेवलं. पाच किलो नऊशे पन्नास.

"मागच्या खेपेला पाच नऊशे होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन आठवड्यांत पन्नास ग्राम? हे फारच कमी आहे. आई नीट जेवतेय ना?"

"म्हणजे काय! जेवते की!" सासूबाईंनी सेरिनला तोंडच उघडू दिलं नाही. "मी स्वतः करून घालते."

डॉक्टरीणबाईंनी सेरिनकडे बघितलं. इथं तोंड उघडायला हवं होतं. सेरिनने मान हलवली, हो, जेवते. त्या म्हणाल्या, "दिवसातून दोनदा वरचं दूध द्या. दहा दिवसांनी पुन्हा आणा, मग बघू." आणि पुढच्या बाळाला हाक मारली. टॅक्सीत सेरिनने सोदामचा पाय मुठीत धरला. पाय गार होता. तिला वाटलं गाडी थांबवावी, उतरावं, पळत सुटावं. कुठं ते सुचेना.

घरी येताच सासूबाईंनी शोधमोहीम काढली. तांदूळ बघितला, पाणी गाळायचं यंत्र बघितलं, कॉफीच्या डब्यावर नाक मुरडलं. मग फ्रीज उघडला, आणि हात आत घालून बाटली ओढून काढली. अर्धी.

"हे कोण प्यायलं?"

"मी," सेरिन म्हणाली. "थोडंसं. दोन घोट."

"अगं बाई!" सासूबाई खुर्चीवर बसल्याच. "शिख्ये? पाजणाऱ्या बाईने? आणि मी मूर्खासारखी सूप करकरून मरतेय! तरीच म्हटलं, एवढं खाऊन दूध जातं कुठं!"

त्या क्षणी सेरिनला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. चोर सापडला होता, बाटलीत, पांढरट, तळाशी चार शितं घेऊन बसलेला. तिने खाली मान घातली. सासूबाईंनी बाटली सिंकमध्ये उपडी केली आणि फोन उचलला.

"विहीणबाई, कशा आहात? दुकान काय म्हणतंय?" आवाज कसा, साखर पेरलेला. "नाही, सगळं ठीक. फक्त तुमच्या नातीचं वजन वाढत नाहीये. हो ना. तुमचं ते शिख्ये राहिलं होतं बघा, ते हिच्या पोटात गेलं. नाही नाही, तुमचं कसं चुकेल? तुम्ही एवढ्या जाणत्या. आम्हीच मेले अडाणी, बाटलीवर कुलूप घातलं नाही."

पलीकडून आईचा आवाज येत होता, बारीक, भराभर. शब्द कळत नव्हते, पण ती माफी मागतेय हे कळत होतं. सेरिन बाल्कनीत गेली, परत आली, पुन्हा गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आई आली. एका हातात डुकराच्या पायांचं सूप गच्च भरलेला डबा, पाठीला दुधी आणि तीळ बांधलेलं गाठोडं, दुकानाला कुलूप. दारातच सासूबाई उभ्या होत्या. आई त्यांच्यापुढे कमरेत वाकली ती वर येईचना.

"माझीच अक्कल चरायला गेली होती, विहीणबाई. बाटली मी परत न्यायला हवी होती."

"जाऊ द्या हो. झालं ते झालं," सासूबाई म्हणाल्या, पण वाकलेल्या बाईला उठवायला त्यांनी हात काही पुढे केला नाही.

आई राहिली. गरम पाण्यात फडकं पिळून सेरिनची छाती शेकायची, अंगठ्याने दाबून दाबून मोकळी करायची, आणि तोंडाने सारखं चालू, "दोन घोटांनी एवढं व्हावं? माझ्या सातूला मोड जास्त आले असतील. माझंच मेलीचं नशीब." सेरिनला ऐकवेना. ती म्हणायची, "आई, पुरे गं." आई म्हणायची, "बरं, राहिलं. खा तू." आणि समोर वाडगा. सेरिन दोन चमचे घ्यायची, म्हणायची बाळ उठलं बघ, आणि आई बाळाकडे वळली की वाडगा बादलीत. हात जसे आपोआप चालायला लागले होते. पोरगी भुकेने किंचाळत होती, आई स्वतःला कोसत होती, आणि ही बया तरीही काट्यावर चढत होती! एकसष्ट चारशे. मला तिचा राग येतो, पण तिला स्वतःला आला होता त्याच्या पासंगालाही तो पुरणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने बादली उचलली.

"आई, राहू दे! मी टाकते दुपारी."

"दुपारपर्यंत वास सुटेल. कार्ड कुठंय? खालच्या बाईने दाखवलंय मला कसं टाकायचं ते."

"अगं, तुला जमायचं नाही."

"तीस वर्षं दुकान चालवतेय, एक डबा उघडता यायचा नाही मला?" आणि आई गेलीसुद्धा.

सेरिन बाल्कनीत धावली. अकराव्या मजल्यावरून आई टिचभर दिसत होती. यंत्रापाशी आली, कार्ड टेकवलं, बादली ओतली. झाकण मिटलं. आता निघायला हवं होतं, पण आई निघाली नाही. रिकामी बादली धरून त्या यंत्रापुढे नुसती उभी राहिली. मागे कुणीतरी बाई येऊन थांबली, तिला वाट द्यायचंही आईला सुचलं नाही. सेरिनला यंत्राचा आवाज इतक्या वर ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तिच्या कानात तो गोड आवाज घुमत होता. आयुष्यभर मापाने भाज्या विकलेल्या बाईला कोण फसवणार?

आई वर आली. चपला काढल्या, बादली धुतली, घासून घासून धुतली, पुसून पालथी घातली.

"तुमचं ते यंत्र बोलतं गं," एवढंच म्हणाली.

सेरिन वाट बघत राहिली. आता ओरडेल, मग ओरडेल. आईने कांदा चिरला. तांदूळ धुतले. सोदामला पाठीवर बांधून गुणगुणली. सेरिनचा जीव टांगणीला लागला होता. ती उगाच कपाटं उघडून मिटत होती, धुतलेले लंगोट पुन्हा घड्या घालत होती. आईने एकदा हाणली असती तरी चाललं असतं.

दुपारी बारा वाजता सासूबाई आल्या, सुपाचं पातेलं घेऊन. टेबलाशी बसल्या आणि सुरू झाल्या.

"काल आत्याबाईंचा फोन होता. त्यांना सांगितलं सगळं. त्या म्हणाल्या, अहो, हे तर लहान पोरीलाही ठाऊक असतं." मग आईकडे वळून, "विहीणबाई, लग्नाला तुम्ही शिख्ये करून आणणार होतात ना? राहू द्या. कशाला उगीच? लोक नावं ठेवतात."

आईने हातातला चमचा खाली ठेवला. त्या लग्नासाठी तिने महिन्याभरापूर्वीच सातू निवडून ठेवलं होतं.

"बरं," ती म्हणाली. मग वाकली. "चूक माझीच आहे. माझ्या शिख्येनेच झालं."

आता तिला ठाऊक होतं! सकाळपासून ठाऊक होतं, आणि तरी ती बाई लेकीसाठी वाकली, वर म्हणाली माझीच चूक. सेरिनच्या अंगातून काहीतरी सणकन गेलं.

"नाही!" ती इतक्या जोरात ओरडली, की सोदाम दचकली. "शिख्येने नाही झालं. अहो आई, मी जेवतच नव्हते. तुमचं सूप मी ओतून देत होते."

सासूबाईंना कळेचना. "कुठलं सूप?"

"सगळं. त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवसापासून. भात, मांस, सगळं. हिचंसुद्धा, परवापासून."

"पोरी, गप," आई म्हणाली.

"मी का गप बसू? तीन दिवस तू वाकतेयस!"

"किती?" सासूबाईंचा आवाज खरवडल्यासारखा निघाला. "किती ओतलंस?"

आईने खाली बघत सांगितलं, "एकतीस किलो. एप्रिलचं एकूण. यंत्राने सांगितलं सकाळी."

सासूबाईंनी आईच्या पाठीवरच्या सोदामकडे बघितलं. "ही सहा किलोचीसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "पाच सोदाम टाकल्यास तू त्या डब्यात. पाच. आणि ही एक उपाशी."

सेरिन मटकन खाली बसली आणि हमसाहमशी रडायला लागली.

"पण का? कशासाठी? आमच्या घरात तुला काय कमी..."

"चोळी मिटत नव्हती."

"कुठली चोळी?"

"हानबोकची! आत्याबाई म्हणाल्या, आत अजून एक राहिलंय. सगळे हसलात. फोटो काढताना."

सासूबाई आठवायला लागल्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मग आठवलं. "मी हसले?"

"सगळ्यांत मोठ्याने."

सासूबाई उठल्या, आणलेलं पातेलं तसंच उचललं, पाय चपलांत अर्धे सरकवून निघून गेल्या. दार आपटलं नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

"गेल्या," सेरिन म्हणाली. "आता तेगोनला सांगतील. आता येणारच नाहीत."

"येतील नाहीतर नाही येणार. तू आधी हिला घे," आईने पाठीवरून सोदामला सोडलं. सोदामने झडप घातली, दोन मिनिटं चोखलं आणि रडायला लागली. आईने वरच्या दुधाची बाटली गरम केली. बाटली अर्धी झाली तोवर सेरिनची नजर दारावरच होती. वीस मिनिटं गेली.

मग घंटी वाजली. सासूबाई. तेच पातेलं, पण आता त्यातून वाफा निघत होत्या. गार सूप गरम करायला बाई स्वतःच्या घरी गेली होती, जसा काही इथं गॅसच नव्हता. त्यांनी वाडगा भरला, सेरिनपुढे ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसल्या.

"चमचा उचल. मी कुठेही जात नाहीये आज."

सेरिनने चमचा उचलला. पहिला घास घशाखाली उतरेना. दुसरा उतरला. वाडग्याच्या तळापर्यंत दोघी विहिणी दोन्ही बाजूंनी पोलिसांसारख्या बसून होत्या. तळ दिसला तेव्हा सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "विहीणबाई, ती उरलेली बाटली मी ओतून टाकली. लग्नात वीस बाटल्या लागतील. तुमच्याच हातच्या." माफी अशी काही त्या बाईने उभ्या जन्मात मागितली नव्हती, तेव्हा आईने हीच मागितली असं धरलं.

दहा दिवसांनी दवाखान्यात सेरिनने नर्सला सगळं सांगितलं, सासूबाईंच्या देखत. सोदाम दोनशे साठ ग्रामने वाढली होती. नर्स वयस्क होती, तिने कपाळावर हात मारला.

"तीन आठवड्यांत साडेसहा किलो! अहो, दूध बनायचं कशातून? शिख्येचे दोन घोट? मला नाही वाटत त्याने एवढं होईल. रिकाम्या पोटाने होतं ते. बारीक व्हायचंय ना? व्हा की. तिन्ही वेळा जेवा, बाळाला गाडीत घालून रोज तासभर चाला. आठवड्याला फार तर अर्धा किलो उतरलं, तर दुधाला पत्ताही लागत नाही. जरा धीर धरा हो."

धीर धरणं सेरिनला कुठलं जमतंय! रोज नदीकाठी ती बाळाची गाडी अशी ढकलायची, की मागून येणाऱ्या सासूबाई ओरडायच्या, "अगं, आग लागलीय का कुठं?" काटा आईने ग्वेसानला नेला होता, भाज्या तोलायला म्हणून. तरी सेरिनला रोज सकाळी त्या जागी पाय ठेवून बघायची हुक्की यायचीच. वरचं दूध दोनदाचं एकदा झालं, मग सुटलं. लंगोट ओले व्हायला लागले. आणि छाती? ती पुन्हा होती तशी भरली.

लग्नाच्या दिवशी चोळी मिटली नाही. सासूबाईंनी स्वतः पिन लावली, या खेपेला आतून जाड कापडाची पट्टी ठेवून, म्हणजे टोचायला नको. हॉलमध्ये शिख्येच्या टेबलापाशी गर्दी होती आणि आई पळीने वाढत होती. फोटोसाठी सगळं घर तीन रांगांत उभं राहिलं. सोदाम मागे, पळी ठेवून आलेल्या आईच्या कडेवर. फोटोवाला म्हणाला, हसा. तेवढ्यात आत्याबाईंनी मान वळवली. "अरेच्चा सेरिन, चोळी अजून मिटत नाही वाटतं?"

आणि सोदामने भोकाड पसरलं. सेरिनच्या छातीत कळ आली, ओळखीची, दूध उतरताना येते ती. हिरव्या रेशमावर दोन ओले डाग उमटले आणि सगळ्यांच्या देखत वाढत गेले. आत्याबाईंचा चेहरा पडला. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. सेरिनने हात वर नेला, झाकायला.

सासूबाईंनी तो हात धरून खाली केला.

"काढ," त्या फोटोवाल्याला म्हणाल्या. "बघतोस काय? असाच काढ. आणि लवकर काढ, पोरीला भूक लागलीय."